तंबूला कुलूप

कुलूप लावलं की जिजी ते ओढून पाहायची. एकदा नाही, दोन-तीनदा. मग जिन्यापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा एकदा ओढायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "काही खरं नही, भाऊ."

हे कुलूप सुरतेत उधन्याच्या आमच्या चाळीतल्या तिच्या खोलीचं. आत काय होतं म्हणाल, तर एक पत्र्याची पेटी, थोडी भांडी आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. चोर आलाच असता तर बिचारा दया येऊन काहीतरी ठेवून गेला असता. हे मी तिला तोंडावर म्हटलंय. ती हसली नाही.

"कुलूप काय चोरसाठे लावतस का?" ती म्हणाली. "जीवले बरं वाटस."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. गॅस बंद केला का, दुधावर झाकण ठेवलं का, पोरगी अजून शाळेतून का आली नाही, अशा काळजीवरच जिचं घर चालतं. आपण तिला हसतो आणि संकट आलं की तिच्याच दारात जाऊन बसतो. जिजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही मी दार लावलं की कुलूप ओढतो, आणि माझी बायको मला हसते.

जिजी धुळे जिल्ह्यातली, मी नंदुरबारचा, म्हणजे बोली एकच. नवरा कापडाच्या लूमवर होता. छातीच्या दुखण्यानं तो गेला आणि मागे ही आणि सुली राहिल्या. या गोष्टीच्या वेळी सुली आठवीत असेल. जिजी अठवा लाइन्सला एका हिऱ्याच्या शेठकडे रोटल्या करायला जायची. तिथे ती 'बेन'. शेठची आई, बा, जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, आणि रोटली जिजीच्याच हातची. दुसऱ्या कोणाची पुढ्यात आली तर बा ताट सरकवून द्यायच्या.

मी एका टूर कंपनीत होतो. माणसांना विमानात बसवायचं, हॉटेलात उतरवायचं आणि कोणाची बॅग हरवली तर शिव्या खायच्या, हे माझं काम. एका वर्षी या शेठनं कुटुंबासाठी आफ्रिकेची सफर ठरवली. बोत्सवानात एक नदी आहे, ती समुद्राला मिळतच नाही. वाळवंटात पसरते आणि मैलोगणती दलदल करते. त्या दलदलीतल्या बेटांवर तंबू ठोकलेले असतात, तिथे राहायचं आणि जनावरं बघायची. हिरे तिथल्या मातीतून निघतात, ती माती एकदा बघायची, असं शेठच्या मनात होतं. बा म्हणाल्या, मी पण येणार. आणि जिजीला म्हणाल्या, "तू नहीं आवे तो हुं य नहीं जाउं."

जिजी घाबरून माझ्याकडे आली. "भाऊ, वाघ राहतस का तठे?"

"वाघ नसतात," मी म्हटलं. "सिंह असतात."

असल्या वेळी मला गप्प बसता येत नाही, काय करणार! ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण नवऱ्याच्या आजारपणात बा स्वतः दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. त्यांना ती नाही म्हणू शकली नाही. पर्युषण संपलं, गणपती बसले, आणि आम्ही निघालो. सुलीला शेजारच्या वहिनीकडे ठेवलं. निघताना जिजीनं पोरीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "कुठं बी गयी तरी कुलूप लाव. ओढी देख."

शेवटच्या टप्प्याचं विमान रिक्षाएवढं. गवतात उतरणारं. जिजीनं आत बसल्यावर पायलटच्या समोर त्याच्या दाराची कडी ओढून पाहिली. तो गोरा हसला. मी मात्र मनातून तिचा आभारी होतो, कारण मलाही तेच करावंसं वाटत होतं.

बेटावर आमचा वाटाड्या होता थाबो. उंच, शांत, हातात नेहमी एक काठी. तिकडे मोठ्या बाईला 'म्मा' म्हणतात. तो जिजीला म्मा म्हणाला आणि ती जरा सैल झाली. मग त्यानं नियम सांगितले. तंबूत खायचा पदार्थ ठेवायचा नाही. बाहेर अन्न टाकायचं नाही. एकटं फिरायचं नाही. तंबूची चेन नेहमी लावलेली पाहिजे. शेठच्या घरच्यांनी माना डोलावल्या आणि खाकऱ्याचे डबे उशीखाली सारले. जिजीनं मात्र ते नियम माझ्याकडून दोनदा मराठीत ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता थाबो चहा घेऊन बा आणि जिजीच्या तंबूपाशी गेला, तर आत धडपड. चेन उघडेना. मला हाक मारली. बघतो तर काय, चेनच्या दोन्ही टोकांत आतून कुलूप! घरून पेटीचं कुलूप आणलं होतं बाईनं. आणि किल्ली सापडत नव्हती. आतून बांचा आवाज, "बेन, जल्दी कर ने!" बांना बाहेर जायची घाई होती, हे मी थाबोला कसं सांगू? शेवटी किल्ली पीठ लागलेल्या हातरुमालात सापडली.

थाबो रागावला नाही. तो म्हणाला, "म्मा, कंदील कलंडला किंवा हत्ती टेकला, तर तुला पळायचं आहे. इथे कुलूप तुलाच कोंडतं."

जिजीनं ऐकलं, कुलूप त्याच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "कापडाचं घर आनि बिनकुलपाचं. काही खरं नही, भाऊ."

त्यानं ते शर्टाच्या खिशात टाकलं, जाताना परत देईन म्हणून.

पहिले काही दिवस मजेत गेले. लाकडी ओंडक्याच्या होड्या, त्यात आडवं पाय पसरून बसायचं आणि मागचा माणूस बांबूनं होडी ढकलतो. दोन्ही बाजूंना उंच लव्हाळं, मधे कमळं. जिजी काठ घट्ट धरून बसायची आणि पाण्यात बुडबुडा दिसला की डोळे मिटायची. एकदा सिंहिणीनं हरीण पाडलेलं दिसलं, तर शेठच्या सगळ्या घरानं तोंडं फिरवली आणि बा थाबोला म्हणाल्या, हे नको दाखवू, बिचारं ते हरीण. एवढे पैसे भरून सिंहाकडे पाठ करून बसलेली टूर मी पुन्हा पाहिली नाही.

आणि मग एका सकाळी कॅम्पच्या वायरलेसवर निरोप आला. कॅम्पवाल्यांच्या गावातल्या ऑफिसनं शेठला कळवलं होतं: सुरतेत प्लेग. लोक शहर सोडून पळताहेत. तुमची मागे राहिलेली माणसं पालनपूरला सुखरूप पोचली.

शेठ मटकन खुर्चीत बसले. 'सुखरूप पोचली' हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि मग त्यांच्या तोंडावर रंग आला. माझं काय, मी तेव्हा सडाफटिंग, आईबाप नंदुरबारला. पण स्वयंपाकाच्या तंबूच्या दारात जिजी उभी होती. हाताला पीठ. आमची तोंडं तिनं पाहिली होती.

"काय व्हयनं?"

मी सांगितलं. लपवून काय उपयोग होता? ती आत गेली आणि लाटायला लागली. मी मागे गेलो. लाटता लाटताच म्हणाली, "मनी पोर?"

"विचारतो," मी म्हटलं.

"मनी आजी सांगे," ती म्हणाली. "पयले उंदीर पडतस. मंग मानसं."

शेठ चांगला माणूस. त्यांनी लगेच मुनीमाला निरोप पाठवायला सांगितलं. उत्तर आलं, मुनीम फोन उचलत नाही. तोही पळाला असणार. चाळीत कोणाकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर मला पाठ होता, तो दिला. घंटी वाजते, कोणी घेत नाही. बाहेर पडावं तर विमान ठरल्या दिवशीच येणार, आणि चारही बाजूंना पाणी. इतकं मोकळं आभाळ आणि इतकं कोंडल्यासारखं मला कधी वाटलं नाही.

जिजी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. रोटल्या तशाच पातळ, तशाच गोल. पण तिची भीती गेली होती, आणि तेच मला सहन होईना. एका दुपारी स्वयंपाकाच्या तंबूमागे हत्ती आला. एवढा मोठा की झाडाचं एक खोड हललं असंच मला वाटलं. थाबोनं हातानं सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. शेठची सून तोंडात पदर कोंबून उभी. आणि जिजी त्याच्यासमोर भांडी घासत बसलेली. पालीला भिणारी बाई. तिनं वर पाहिलं, हत्तीकडे बघितलं आणि पुन्हा भांडं घासायला लागली. हत्ती निघून गेल्यावर मी तिच्याकडे धावलो.

"जिजी, अगं हत्ती होता!"

"व्हता ना," ती म्हणाली. "तो काय करस?"

त्या संध्याकाळी तिनं बांना तिथी विचारली. पितरांचे दिवस चालू होते. बांना पंचांग तोंडपाठ. "आजे चोथ. काले पांचम," त्या म्हणाल्या.

पंचमी म्हणजे तिच्या नवऱ्याची तिथ. दरवर्षी त्या दिवशी ती चाळीच्या पत्र्यावर घास ठेवायची. तुम्हाला सांगायला नको: कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त. नाही शिवला तर त्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग हात जोडून सांगायचं, बाबा रे, तुझी इच्छा पुरी करू, आणि कावळा येतो. तिचा नवरा कशात अडकणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती. मरताना त्यानं सुलीचंच नाव घेतलं होतं.

मी थाबोकडे गेलो. बाहेर अन्न ठेवायचं नाही, हा त्याचाच नियम. मी कसंबसं समजावलं की गेलेल्या माणसासाठी जेवण आहे, आणि ते कावळ्यानं खायचं आहे. मला वाटलं, हसेल.

"आमचेही गेलेले ऐकतात," तो म्हणाला. "ठेवू दे. पण मी शेजारी उभा राहीन, आणि कोणी आलं नाही तर लगेच उचलायचं."

"कावळे आहेत ना इथे?"

"या बेटावर?" त्यानं मान हलवली. "मी तरी पाहिला नाही."

हे मी जिजीला सांगितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

बेटाच्या मधोमध एक भलंमोठं वारूळ होतं, माणसापेक्षा उंच. ती आल्या दिवसापासून त्याला हात जोडायची. पंचमीला भर दुपारी तिनं कमळाच्या पानावर खीर, उडदाचे वडे आणि रोटली वाढली आणि वारुळाच्या कडेवर ठेवली. मागे सरकली. आम्ही सगळे उभे. बासुद्धा खुर्ची टाकून बसल्या.

"या, जेवी ल्या," जिजी म्हणाली.

ऊन तापलं होतं. कोणी आलं नाही. मग चकाकत्या निळ्या रंगाचे दोन पक्षी उतरले आणि टुणटुणत पानापर्यंत गेले. शेठ पुटपुटले, "बेन, पक्षी तो आव्यां." जिजीनं हातानं त्यांना हाकललं. "निळा कावळा कोठे राहस का?"

ती हात जोडून बोलायला लागली. पोरीला शिकवीन. पोरीला सोडून परत कुठं जाणार नाही. आल्या पावली गावी जाईन. पोर मागेल ते देईन. एकेक सांगायची आणि आभाळाकडे बघायची. आभाळात एक गरुड लांब ओरडत होता, तो काही खाली आला नाही. मी आयुष्यात देवाकडे फार काही मागितलेलं नाही. त्या दुपारी मी मनातल्या मनात एक कावळा मागत होतो.

आलं ते माकड. मोठं, कुत्र्याच्या तोंडाचं. झाडावरून धपकन उतरलं, थाबोनं काठी उगारायच्या आत पान ओढून पळालं आणि वरच्या फांदीवर बसून आमच्याकडे बघत वडा खायला लागलं.

बा घाईघाईनं म्हणाल्या, "जो बेन, वांदरो आव्यो एटले हनुमानदादा आव्या! सारुं कहेवाय."

"मना नवरा माकड कशाले व्हई?" जिजी म्हणाली. कोणी हसलं नाही. ती आत गेली आणि बांच्या जेवणाची तयारी करायला लागली, कारण सूर्य मावळायच्या आत ते व्हायला हवं होतं. त्यानंतर तिनं मला सुलीबद्दल एक शब्द विचारला नाही. मला कळलं की पोर गेली असं तिच्या मनानं घेतलंय. मी धीर द्यायला गेलो की ती म्हणायची, "राहू दे, भाऊ."

निघताना थाबोनं कुलूप परत दिलं. तिच्या हातावर ठेवून दोन्ही हातांनी तिची मूठ मिटली. आमचं परतीचं विमान प्लेगच्या भीतीनं रद्द झालं होतं. वाटेत अडकलो, तिथेही ती रोटल्या करत राहिली. शेवटी मुंबई गाठली. शेठ म्हणाले, इथेच थांबा, सुरतेला आत्ता जाऊ नका. मी आणि जिजी गेलो.

सुरत स्टेशनवर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. उधन्याला लूमचा खडखडाट बंद, म्हणजे जन्मात ऐकली नव्हती अशी शांतता. गटारांच्या कडेनं पांढरी पावडर. चाळीत सगळी दारं बंद, आणि जिजीच्या दाराला कुलूप.

तिनं ते ओढून पाहिलं. पक्कं होतं.

"बघ," मी म्हटलं, "कुलूप लावून गेली म्हणजे धड गेली."

"कुलूप बाहेरथून कोनी बी लावस," ती म्हणाली.

चाळीत एक म्हातारे गृहस्थ तेवढे राहिले होते. त्यांनी खिडकीतूनच सांगितलं, सगळे गेले, वहिनी पण गेली, कुठं ते ठाऊक नाही. मागच्या गल्लीतल्या एका पोरीला दवाखान्यात नेलं म्हणतात. कोणती पोरगी? ते त्यांना माहीत नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकावर आम्ही उभे राहिलो. जिजीनं माझं मनगट धरलं होतं, अजून आठवतं, हाड दुखत होतं. नर्सनं वय विचारलं, हनुवटीवर गोंदण आहे का विचारलं आणि म्हणाली, ती नव्हे. ती लग्न झालेली होती, बरी होऊन घरी गेली. मी सुस्कारा सोडला. जिजीनं नाही सोडला. पोर इथे नाही एवढंच कळलं होतं.

मामाकडे गेली असेल म्हणून भुसावळकडची गाडी धरली. दोंडाईचे येईपर्यंत ती खिडकीशी कुलूप मुठीत धरून बसली होती. तिच्या भावाचं गाव तिथून आत. वेशीवरच तोंडाला उपरणी बांधलेल्या माणसांनी आम्हाला अडवलं. सुरतेहून आलेल्याला गावात घेत नव्हते.

"सुरतवाले मळ्यात शेतस," एकानं लांबूनच हात केला.

"सुली शे का त्यांत?"

"पोरी शेतस दोन-तीन. नाव मले काय माहीत?"

मळ्यापर्यंतची वाट कपाशीतून होती. जिजी पुढे, मी मागे. ती पळत नव्हती. मला वाटतं, पोचायचीच तिला भीती वाटत होती. तुराट्यांच्या झोपड्या दिसल्या, चूल दिसली, आणि चुलीपाशी फ्रॉकवर मामीचं जुनं लुगडं गुंडाळलेली सुली फुंकणी घेऊन बसलेली दिसली.

जिजीनं तिला मिठी मारली नाही. आधी कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग काखेत. ताप नव्हता. पोरगी घाबरून सांगत सुटली, "माय, मी कुलूप लायं. ओढी बी देखं."

"पंचमीले काय करं?" जिजीनं विचारलं.

सुलीला वाटलं, काही चुकलं. "मामीनी भाकर दिन्ही व्हती. गूळ व्हता. मी झोपडीवर ठेवं. बापले सांगं, माय नही शे, मी ठेवस."

"उना?"

"कावळा? ठेवता बरोबर उना. मना हात बी मांगे नही व्हयना व्हता."

जिजी तिथेच धुळीत बसली. इतक्या दिवसांचं रडणं एकदम बाहेर आलं आणि त्यातच ती हसायलाही लागली. मलाही रडू आवरेना. मग पदरानं तोंड पुसून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मीच इतके दिवस काहीतरी उगाच मनाला लावून घेतलं होतं अशा आवाजात मला समजावलं.

"मंग तठे कसा येई तो, भाऊ? तो तं आठे व्हता. पोरजोडे."